प्रायश्चित्त आणि बालमन : मराठी ख्रिस्ती साहित्यातील एक पेच

चेन्नईच्या फोर्ट सेंट जॉर्जमध्ये १६८० साली उपासनेसाठी खुले झालेले सेंट मेरी चर्च आहे. त्याच्या भिंतीवर ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्त्झ या लुथरन मिशनऱ्याचे संगमरवरी स्मारक आहे. ईस्ट इंडिया कंपनीने ते एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात धाकट्या जॉन बेकनकडून करवून घेतले. श्वार्त्झ मृत्युशय्येवर आहे. भोवती त्याचे सहकारी आहेत आणि ज्यांना त्याने आपल्या घरी आश्रय दिला ती मुले आहेत. वरच्या बाजूस क्रूस घेतलेला देवदूत आहे. मरणाऱ्या गुरूची दृष्टी त्या क्रुसाकडे लागली आहे. जवळच्या एका मुलाने मात्र गुरूचा हात घट्ट धरला आहे. गुरू क्रूस पाहतो, मूल हात धरते. ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या भारतीय इतिहासातील एक मूलभूत पेच या शिल्पात शिल्पकाराच्याही नकळत उमटला आहे. गुरूला जे दिसते ते मुलाला कसे दाखवावे, हा तो पेच होय.

हा पेच सर्वांत तीव्र होतो तो प्रायश्चित्ताच्या सिद्धान्ताच्या ठिकाणी. मनुष्य पापामुळे देवापासून दुरावला आणि निष्पाप ख्रिस्ताने क्रुसावर प्राण देऊन हे अंतर मिटविले, असे हा सिद्धान्त थोडक्यात सांगतो. प्रौढ श्रद्धाळू तो गूढ म्हणून स्वीकारतो, पण मुलाला गूढाशी कर्तव्य नसते; त्याला न्यायाशी असते. खेळाच्या मैदानावर चूक एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला झाली तर सर्वांत आधी आवाज उठतो तो मुलाचाच. म्हणून हा सिद्धान्त सोपा करून सांगणे ही केवळ भाषेच्या सुलभीकरणाची बाब राहत नाही. सोपे करताना ईश्वराचे जे चित्र मुलाच्या मनात उभे राहते ते आयुष्यभर पुसले जात नाही. मराठी ख्रिस्ती साहित्याने हा पेच कसा हाताळला, याचा विचार त्या साहित्याच्या वाङ्मयीन मूल्यमापनातही टाळता येण्याजोगा नाही.

सुलभीकरणाचा एक मार्ग तंजावरच्या मराठी दरबारात दिसतो. श्वार्त्झच्या देखरेखीखाली वाढलेले सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) हे गुरूवर अपार प्रेम करूनही हिंदूच राहिले. त्यांच्या मुद्रणालयातून १८०६ मध्ये ‘बालबोधमुक्तावली’ हे इसापच्या नीतिकथांचे मराठी भाषांतर बाहेर पडले. मिशनरी गुरूच्या शिष्याने तमिळ भूमीत छापविलेल्या या मराठी बालपुस्तकात नीती आहे, सिद्धान्त नाही. गुरूच्या शिकवणुकीतून बालकांसाठी जे निःशंकपणे उचलता येण्यासारखे होते तेवढेच जणू येथे उचलले गेले. परंतु नीतिकथा ही प्रायश्चित्ताची सोपी आवृत्ती नव्हे. ‘करावे तसे भरावे’ हा तिचा नियम आहे, तर प्रायश्चित्ताचा सिद्धान्त नेमका याच नियमाला छेद देतो. तेव्हा नीतिकथेच्या आश्रयाने पेच सुटत नाही. तो केवळ पुढे ढकलला जातो.

पेचाचे मूळ पुष्कळ अंशी शब्दांत आहे. इंग्रजीतील ‘ॲटोनमेंट’ हा शब्द सोळाव्या शतकात विल्यम टिंडलच्या बायबल-भाषांतराने रूढ केला. त्याची घडण अगदी बालसुलभ आहे : दुरावलेल्यांचे पुन्हा ‘एक होणे’. मराठीने मात्र त्यासाठी ‘प्रायश्चित्त’ हा शब्द स्वीकारला आणि त्याच्यामागे धर्मशास्त्राची दीर्घ परंपरा उभी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताध्याय म्हणूनच ओळखला जातो. या परंपरेत प्रायश्चित्त घेतो तो पाप करणारा. कृच्छ्र, उपवास, दान यांचा भार त्यानेच वाहायचा असतो. ख्रिस्ती वापरात या शब्दाचा कर्ताच बदलतो. पाप एकाचे आणि प्रायश्चित्त दुसऱ्याने केलेले, ही रचना मराठी कानाला व्याकरणाच्या चुकीसारखी खटकते. जो शब्द जवळचा वाटावा म्हणून निवडला त्यानेच मुलाच्या मनात पहिली शंका पेरली, असे म्हणण्यास जागा आहे.

इतर शब्दांचीही अशीच अवस्था आहे. मराठी शुभवर्तमानात ख्रिस्ताच्या प्राणार्पणाला ‘खंडणी’ म्हटले आहे. मुलुखगिरीच्या काळात नगराने आपला बचाव करण्यासाठी दिलेला पैसा, हा अर्थ ज्या समाजाला ठाऊक होता त्याला ही प्रतिमा कळू शकत होती. तरी खंडणी वसूल करणारा कोण, हा प्रश्न तेव्हाही होताच. आजच्या मुलाला हा शब्द वर्तमानपत्रातील गुन्हेगारीच्या बातम्यांतून भेटतो. देवाने खंडणी दिली तर ती कोणाला, आणि देवानेच घेतली असेल तर तो कसला देव, असे त्याने विचारल्यास तो उद्धटपणा नव्हे. हाच प्रश्न प्राचीन चर्चच्या आचार्यांनाही पडला होता. ‘तारण’ हा शब्द त्या मानाने भाग्यवान आहे. बुडणाऱ्याला तारणे आणि कर्जापोटी वस्तू तारण ठेवणे, असे दोन्ही अर्थ त्यात नांदतात. कोणीतरी स्वतःलाच तारण ठेवून दुसऱ्याला तारले, ही कल्पना मराठी भाषेने आपल्या एका शब्दात आपसूक साठवून ठेवली आहे. मात्र या योगायोगातील काव्य धर्मशिक्षणाच्या पुस्तकांपर्यंत क्वचितच पोहोचले.

‘दंड’ या शब्दाने तर घोटाळाच केला. न्यायाधीश आरोपीला दंड ठोठावतो आणि नंतर आसनावरून उतरून तो स्वतःच्या खिशातून भरतो, हा दृष्टान्त मुलांना नेहमी सांगितला जातो. तो पटतो, कारण दंड म्हणून पैसे द्यायचे असतील तर ते कोणीही भरू शकतो. परंतु दंड म्हणजे देहदंडही. पैसे दुसऱ्याने भरले तर न्याय भागतो. फटके दुसऱ्याने खाल्ले तर न्याय भागत नाही, उलट दुसरा अन्याय घडतो. दृष्टान्त सुरू होतो पैशांच्या दंडाने आणि संपतो क्रुसावरील देहदंडात. एका शब्दाच्या दोन अर्थांवरून टाकलेली ही उडी मोठ्यांच्या लक्षात येत नाही. मुलांच्या मात्र येते.

या पार्श्वभूमीवर फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ची योजना पुन्हा पाहण्यासारखी आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे हे काव्य १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची मांडणी संवादाची आहे. सासष्टीतील ख्रिस्ती झालेला ब्राह्मण विचारतो आणि पाद्रीगुरू कथा सांगतो. पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, आदिमानवाचे पतन आणि त्यानंतरची दीर्घ प्रतीक्षा आहे. दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र आहे. क्रूस येतो तो या विस्तीर्ण कथनाच्या उत्तरार्धात. म्हणजे सिद्धान्त आधी आणि उदाहरण नंतर हा क्रम स्टीफन्सने उलटा केला. श्रोता पतनाच्या दुःखात सहभागी होतो, पिढ्यान्‌पिढ्यांची वाट पाहणे अनुभवतो, आणि मगच त्याला सुटकेची वार्ता कळते. उत्तर द्यायचे तर आधी प्रश्न जागा व्हावा लागतो, हे पुराणिकाचे शहाणपण त्याने ओळखले होते. ओवीची चाल, वैकुंठासारखे परिचित शब्द आणि प्रश्न विचारण्याची मुभा यांमुळे हे काव्य बाळबोध नसूनही लहानथोरांना एकत्र बसून ऐकता येण्याजोगे झाले.

याच स्टीफन्सने धर्मशिक्षणासाठी कोंकणीत प्रश्नोत्तररूप ‘दौत्रिना क्रिस्तां’ही रचली. ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये राचोल येथेच प्रसिद्ध झाली. एकाच लेखकाच्या या दोन कृती शेजारी ठेवल्या की फरक स्पष्ट होतो. प्रश्नोत्तरीतला प्रश्न उत्तरासाठी तयार केलेला असतो. पुराणातला प्रश्न श्रोत्याच्या अस्वस्थतेतून आलेला भासतो. पाठांतराला प्रश्नोत्तरी सोयीची, पण समजुतीला पुराणच जवळचे. पुढील काळातील मराठी धर्मशिक्षणाने मात्र बहुधा प्रश्नोत्तरीचाच वारसा चालविला, पुराणाचा नव्हे. ही केवळ वाङ्मयीन हानी नव्हती.

येथे एका ऐतिहासिक वास्तवाकडे डोळेझाक करता येणार नाही. सिद्धान्त ऐकणारे मूल नेहमी स्वतंत्र होते असे नाही. गोव्यात १५५९ च्या राजाज्ञेने पोरक्या हिंदू मुलांना ख्रिस्ती संस्थांच्या ताब्यात देण्याची तरतूद केली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत महाराष्ट्रातील मिशनांनी आणि केडगावच्या पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनाने असंख्य निराश्रितांना आधार दिला. राजाज्ञेची सक्ती आणि दुष्काळातील करुणा या एका मापाने मोजण्याच्या गोष्टी नव्हेत. तरीही दोन्ही ठिकाणी भाकर आणि सिद्धान्त एकाच हातून मिळत होते. ज्या मुलाच्या अंगावरचा कपडाही दुसऱ्याच्या दयेचा, त्याला ‘तुझे ऋण दुसऱ्याने फेडले’ असे सांगितले की त्याच्या कानी काय पडत असेल? फिटलेल्या ऋणाची ही वार्ता त्याला नव्या ऋणाची नोटीस वाटण्याचा संभव होता. मुक्तीचा सिद्धान्त कृतज्ञतेच्या ओझ्यात बदलतो तो असा. सेंट मेरीच्या शिल्पातील मुले आश्रित आहेत, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची ठरते.

आश्रित नसलेल्या, वाड्या-वस्त्यांतून वाढणाऱ्या मराठी मुलाजवळ या सिद्धान्ताविषयी स्वतःची एक कथा आधीपासूनच होती. ती म्हणजे वाल्या कोळ्याची. वाटसरूंना मारून दर हत्येमागे एक खडा रांजणात टाकणारा वाल्या, खड्यांनी भरलेले त्याचे सात रांजण, आणि नारदाने विचारलेला प्रश्न : ज्यांच्यासाठी तू पाप करतोस ते त्याचे वाटेकरी होतील का? वाल्या घरी जातो. बायको नाही म्हणते, मुलेही नाही म्हणतात. अन्नात वाटा, पापात नाही. वाल्याचा वाल्मीकी होतो तो या नकारामुळे, आपल्या पापाचा भार आपणच वाहायचा हे उमगल्यामुळे. मराठी मनाने प्रायश्चित्ताची कल्पना कोणत्याही स्मृतिग्रंथापेक्षा या कथेतून अधिक खोल आत्मसात केली आहे.

ख्रिस्ती सिद्धान्त मराठी मुलाला सांगायचा तर तो या कथेच्या शेजारी ठेवून सांगावा लागेल. नारदाच्या प्रश्नाला कोणीतरी ‘हो, मी वाटेकरी होतो’ असे उत्तर दिले, एवढेच त्याचे सार. न्यायालय नको, दंड नको, खंडणी नको. मात्र असे सांगताच वाल्याच्या कथेचे बळही मान्य करावे लागते. वाटेकरी मिळाला असता तर वाल्या बदलला असता का? दुसऱ्याने भार उचलल्यामुळे पापी मनुष्य निर्धास्त होणार नाही कशावरून? हा आक्षेप बाहेरचा नाही. संत पौलालाही त्याचे उत्तर द्यावे लागले होते. जो लेखक मुलासमोर ही दुसरी बाजू मांडण्याचे टाळतो तो सिद्धान्त सोपा करीत नाही, स्वस्त करतो.

नारायण वामन टिळकांचे (१८६१–१९१९) महत्त्व या ठिकाणी लक्षात येते. १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या या कवीने वारकरी संतांच्या वाटेने ख्रिस्ताकडे पाहिले. कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले, अभंग लिहिले, मुलांसाठी कविता लिहिल्या, ‘बालबोधमेवा’ या बालमासिकासाठी लेखणी झिजविली. त्यांच्या भक्तिकाव्यात ख्रिस्त न्यायासनापुढील जामीनदार म्हणून क्वचितच येतो. तो येतो माउली म्हणून, गुरू म्हणून, सखा म्हणून. विठ्ठलाला आई म्हणणाऱ्या भाषेत वाढलेल्या मुलाला आईच्या सोसण्याचे कारण समजावून द्यावे लागत नाही. ‘आईने उपास काढला आणि मला जेवू घातले’ यात अन्याय आहे, परंतु तो कोणी लादलेला नाही, प्रेमाने पत्करलेला आहे. न्यायालयाच्या दृष्टान्तात जे खटकते ते आईच्या प्रतिमेत विरघळते.

टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता मराठी शाळकरी मुलांच्या अनेक पिढ्यांनी पाठ केली. घायाळ पक्षीण रक्त गळत असताना कशीबशी घरट्याकडे परतते, पिलांसाठी आणलेला शेवटचा घास त्यांना देते आणि प्राण सोडते. या कवितेत ख्रिस्ती सिद्धान्त शोधणे हे कवीवर अन्याय करण्यासारखे होईल. ती भूतदयेची कविता आहे आणि तशीच वाचली पाहिजे. तरीही प्रायश्चित्ताची जी बाजू मुलाला सर्वांत आधी कळते ती या कवितेने कोणत्याही धर्मपुस्तकापेक्षा अधिक नेमकी दाखविली आहे. निष्पाप जीव दुसऱ्यांसाठी रक्ताळतो आणि त्याचे मरण पोषण होऊन उरते. येथे हिशेब नाही, व्यवहार नाही.

पण कविता येथेच थांबत नाही. पक्षिणीला घायाळ करणारा एखादा राक्षस नाही. सकाळी जिच्या गाण्याने ज्यांचे मन रमले त्या माणसांच्याच जगातून हा घाव आला आहे. वाचणारे मूल स्वतःला पिलांच्या जागी पाहते, आणि तरीही ते असते माणसाचेच मूल. शीर्षकातील उद्गार उच्चारताना बोट बाहेर रोखले जाते, आणि थोड्याच वेळात ते आपल्याकडे वळू लागते. आपल्या गलोलीची आठवण ज्या मुलाला ही कविता वाचताना झाली त्याला पाप हा शब्द कोणी शिकवायला नको. सिद्धान्ताची दुसरी, अवघड बाजू ती हीच. क्रुसावरचा ख्रिस्त केवळ पिलांसाठी मरत नाही, घाव घालणाऱ्यांसाठीही क्षमा मागतो. ही पायरी कविता चढत नाही आणि तिने ती चढावी अशी अपेक्षाही गैर आहे. मात्र आईची प्रतिमा कोठे पुरी पडते आणि कोठे अपुरी, याची सीमारेषा येथे स्पष्ट दिसते. आईचे प्रेम स्वतःच्या पिलांसाठी असते. सिद्धान्ताचा दावा शत्रूवरील प्रेमाचा आहे.

ही दुसरी बाजू मुलांसाठी कथारूपात आणण्याचा विसाव्या शतकातील प्रसिद्ध प्रयत्न म्हणजे सी. एस. लुइस यांची १९५० मधील ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ ही कादंबरी. तीत सिंह प्राण देतो तो एडमंड या मुलाच्या विश्वासघातासाठी. गुन्हेगारच मूल असल्यामुळे वाचणाऱ्या मुलाला सुटायला जागा राहत नाही, हे लुइस यांचे यश. अपराध आणि प्रेम एकाच घरात सांगण्याची कला मराठीलाही अनोळखी नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये (१९३५) पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई मारते आणि नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात. शिक्षा करणारी आणि शिक्षेने व्यथित होणारी व्यक्ती एकच असते, हे कळलेल्या मुलाला क्रोधी पिता आणि दयाळू पुत्र अशी देवाची फाळणी मान्य होणार नाही. धर्मशास्त्रातील एक जुना घोटाळा या साध्या प्रसंगापुढे टिकत नाही.

प्रौढांच्या पातळीवर हाच वाद विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रासमध्ये गाजला. व्ही. चक्करै यांचे ‘द क्रॉस अँड इंडियन थॉट’ १९३२ मध्ये आले. १९३८ मध्ये, तांबरमच्या आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेच्या वर्षीच, मद्रासच्या विचारवंतांचा ‘रीथिंकिंग ख्रिश्चॅनिटी इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील पी. चेंचय्या हे पुदुक्कोट्टै संस्थानात न्यायाधीश राहिले होते. न्यायदान ज्यांचा व्यवसाय त्यांनीच क्रुसाचा न्यायालयीन अर्थ बाजूस सारून ‘नवी सृष्टी’ हा ख्रिस्ताचा खरा अर्थ मानावा, ही गोष्ट बोलकी आहे. दुसऱ्याने शिक्षा भोगल्याने मनुष्य कायद्यापुढे सुटेल, पण त्यामुळे तो नवा होईल काय, हा या भूमिकेतून निघणारा प्रश्न आहे, आणि वाल्या कोळ्याच्या कथेचा प्रश्नही तोच आहे. मद्रासचे हे विचारवंत इंग्रजीत, विद्वानांसाठी लिहीत होते. तो विचार मुलांच्या भाषेत आणण्याचे काम त्यांनी केले नाही. ते काम करण्याची सामग्री मराठीत, स्टीफन्सच्या ओवीत आणि टिळकांच्या माउलीत, आधीच तयार होती. उणीव होती ती ही दोन टोके जोडण्याची.

या विवेचनातून एक निकष हाती येतो. प्रायश्चित्ताचे बालसाहित्य किती सोपे आहे यावरून त्याची परीक्षा करू नये. ते वाचून मुलाला प्रश्न विचारता येतो का, आणि प्रश्न विचारल्यावरही ईश्वर प्रेम करण्याजोगा राहतो का, यावरून करावी. जेथे दृष्टान्ताने प्रश्नाचे तोंड बंद केले तेथे साहित्य हरले आणि बहुधा श्रद्धाही. जेथे कथेने प्रश्न जागा ठेवला तेथे श्रद्धा न ठेवणाऱ्या वाचकालाही काही मिळाले. ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकाने ‘क्रिस्तपुराण’ आणि टिळकांचे काव्य आपले मानले, त्याचे कारण हेच आहे.

सेंट मेरीच्या भिंतीवरील मूल दोन शतके गुरूचा हात धरून आहे. त्याने वर पाहावे म्हणून तो हात सोडविण्याची घाई अनेकांनी केली. स्टीफन्स आणि टिळक यांनी ती केली नाही. मुलाने जो हात धरला आहे त्याच हातावर घाव आहेत, एवढे त्याला एक दिवस दिसावे, यापलीकडे त्यांच्या वाङ्मयाने सिद्धान्त सोपा केला नाही. आणि यापेक्षा तो सोपा करताही येणार नाही.